भाकरीला वरणाची जोड

प्रथिने म्हणजे २० प्रकारच्या अ‍ॅमिनो आम्लांच्या साखळ्या होत. जठर व लहान आतडे यांतील पाचकरसांनी या साखळ्या तुटतात आणि सुट्या आम्लांतून शरीर आपली प्रथिने नव्याने घडविते. यांतील ९ आम्ले आहारातूनच मिळवावी लागतात. यवतमाळ जिल्ह्यात पिकणाऱ्या ज्वारीत लायसीन कमी, तर तुरीत विपुल असते. तुरीतील मेथिओनीनची उणीव ज्वारी भरून काढते. शालेय पोषण आहारातील तांदूळ व डाळ यांचाही असाच मेळ आहे. पहिली ते पाचवीच्या मुलास त्यातून १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. परंतु डाळ तळाशी बसते. सबब वाढतेवेळी वरण तळापासून ढवळले जाईल, याकडे शिक्षकांनी लक्ष पुरवावे. अन्यथा काही मुलांच्या ताटात केवळ पाणीच पडेल.