श्रावकाने वाटेत काय ऐकावे?

'श्रावक' या शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकणारा' असा आहे. गुरुमुखातून जिनवाणी ऐकतो तो श्रावक, ऐकते ती श्राविका. ज्या समाजाची ओळखच ऐकण्यावरून ठरली, त्याच्या कानांत काय पडते आणि कोणत्या वेळी पडते, हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतील तरुणांच्या हेल्मेटमध्ये एक छोटे यंत्र येऊन बसले आहे. दुचाकी चालवीत असताना त्यातून गाणी ऐकू येतात, स्तवने ऐकू येतात, पुढे कोठे वळावे हे सांगणारा आवाज ऐकू येतो आणि दुकानातून आलेला फोनही ऐकू येतो. लोणावळ्यात गूळ आणि शेंगदाण्याचा व्यापार करणाऱ्या आमच्या घराला या यंत्राने जे शिकविले, ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

यंत्र कसे असते?

काड्यापेटीहून थोडा मोठा असा एक भाग हेल्मेटच्या डाव्या बाजूस बाहेरून बसवितात. आतील अस्तराखाली, दोन्ही कानांशी, दोन चपटे स्पीकर असतात आणि हनुवटीजवळ एक छोटा मायक्रोफोन. खिशातील मोबाइलशी हे सारे ब्लूटूथने जोडलेले असते. इस्रायलच्या कार्डो कंपनीने २००४ साली दुचाकीस्वारांसाठी असे यंत्र बाजारात आणले. आज ते निरनिराळ्या किमतींना सर्वत्र मिळते. महागड्या यंत्रांत दोन किंवा अधिक स्वारांना आपापसांत बोलताही येते.

आमच्या मुलाने हे यंत्र मागितले तेव्हा मी प्रथम नकार दिला. त्याने शांतपणे कारण सांगितले आणि ते मला पटले. तो आठवड्यातून दोनदा लोणावळ्याहून पुण्याच्या मार्केट यार्डात वानगी पाहण्यास जातो. सुमारे पासष्ट किलोमीटरचा रस्ता. मोबाइलवर नकाशा लावून हँडलला अडकविला की नजर पुनःपुन्हा खाली जाते, पावसात पडदा भिजून चालेनासा होतो. "कानात सांगणारे कोणी असेल तर डोळे रस्त्यावर राहतील," असे तो म्हणाला. यात खोट काढण्यासारखे काहीच नव्हते.

मावळच्या वाटा आणि वाटाड्या

मावळात वाट सांगणाऱ्याची गरज खरोखरच पडते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. लोणावळा, कार्ला फाटा, कामशेत, वडगाव, तळेगाव, सोमाटणे फाटा, देहूरोड असा जुना महामार्गच दुचाकीस्वाराने धरला पाहिजे. नकाशा मोटारीसाठी लावलेला असेल तर तो बिनदिक्कत द्रुतगती मार्गाकडे बोट दाखवितो. गूगलने २०१७ साली भारतात दुचाकीसाठी स्वतंत्र सोय नकाशात आणली, ती याच कारणासाठी उपयोगी आहे. निघण्यापूर्वी दुचाकीचे चिन्ह निवडले आहे की नाही, हे अवश्य पाहावे. खंडाळ्याखालच्या घाटात तर जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग इतके जवळ येतात की एका चुकीच्या फाट्याने नको त्या रस्त्याला लागणे सहज घडते.

कायद्यानेही या उपयोगाला मर्यादित मान्यता दिली आहे. वाहन चालविताना मोबाइल हाती धरून वापरणे हा मोटार वाहन कायद्याखाली दंडनीय गुन्हा आहे. मात्र १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, केवळ मार्ग पाहण्यासाठी, असे उपकरण वापरता येते. 'केवळ मार्ग पाहण्यासाठी' हे शब्द लक्षात ठेवण्याजोगे आहेत.

तरीही यंत्राच्या वाटाड्यावर सर्वस्वी विसंबणे मावळात परवडत नाही. पवना धरणाच्या बाजूस डोंगराआड गेले की नेटवर्क जाते. जवळची म्हणून दाखविलेली वाट कधी शेताच्या बांधाशी संपते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दरड कोसळली, ओढ्याला पाणी आले, हे नकाशाला कळण्यापूर्वी टपरीवरच्या माणसाला कळलेले असते. बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट ज्या धनगराने दाखविली, तो हा शिंग्रोबा, अशी आख्यायिका आहे. जुन्या रस्त्याने जाणारे वाहनचालक आजही तेथे नाणे वाहतात. गुरांमागे फिरून त्याने डोंगर ओळखला होता. अशी ओळख कोणतेही यंत्र देत नाही.

कानाचे काम

आपण समजतो की गाडी डोळ्यांनी चालवायची असते. वस्तुतः पाठीमागचे जग स्वाराला कानांनीच कळते. मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा, उतारावर करकरणारे ब्रेक, रुग्णवाहिका, स्वतःच्या गाडीच्या साखळीचा बदललेला आवाज, रस्त्याच्या कडेने कोणी दिलेली हाक, हे सारे कान टिपतात. आरसा आपण पाहू तेव्हाच दाखवितो, कान मात्र न विचारता सांगतो.

हेल्मेटमध्ये आधीच वाऱ्याचा मोठा आवाज असतो. ताशी ६५ किलोमीटरच्या पुढे तो ९० डेसिबलच्या वर जातो, असे मोजमापांत आढळले आहे. श्रवणतज्ज्ञांच्या प्रचलित मर्यादेनुसार ८५ डेसिबल आवाज आठ तास सहन करता येतो आणि पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एकच तास. वाऱ्यावर मात करण्यासाठी गाणे ९४ च्या वर नेले आणि लोणावळ्याहून पुण्यापर्यंत दोन तास तसेच ऐकले, तर कानाची दिवसभराची मर्यादा वडगावच्या आसपासच संपते. ही हानी दुखत नाही आणि भरूनही येत नाही. विशी-पंचविशीतील मुलाला तिचा पत्ता पन्नाशीत लागतो.

दोष गाण्याचा की आमचा?

येथवर वाचून अनेकांना वाटेल की गाणी बंद केली म्हणजे झाले. मलाही तसेच वाटत होते. मुलाला मी बजावले होते, "दिशा सांगणारा आवाज तेवढा ठेव, सिनेमाची गाणी नकोत." त्याने ते ऐकले. परंतु त्याच यंत्रातून मी स्वतः त्याच्या कानात किती वेळा शिरत होतो, याचा हिशेब मी कधी केला नव्हता.

मार्गशीर्षातील एक पहाट. नुकतेच उजाडले होते, धुके दाट होते. तो पुण्याकडे निघाला होता. दुकान उघडता उघडता मला गुळाच्या भावाची आठवण झाली आणि मी फोन लावला. बटण दाबावे लागत नाही, आलेला फोन यंत्र आपोआप जोडून देते. कोणत्या प्रतीची वानगी घ्यायची, मागच्या खेपेची पट्टी कशी चुकली, हे मी सांगत होतो आणि तो "हो बाबा" म्हणत होता. एकाएकी काहीतरी घासल्याचा आवाज आला आणि पुढे शांतता.

कामशेतजवळ रस्त्याच्या कडेने साध्वीजींचा विहार चालला होता. चातुर्मास संपून त्या पुढच्या गावी निघाल्या होत्या. मागे चालणाऱ्या विहारसेवकाने विजेरी हलवून मोठ्याने हाक दिली होती. धुक्यामुळे विजेरी दिसली नाही, आणि हाक ऐकू आली नाही, कारण मुलाच्या कानात त्या क्षणी मी होतो. शेवटच्या पळी त्याला पांढरी वस्त्रे दिसली. त्याने ब्रेक दाबले, गाडी घसरली आणि तो बाजूला पडला. कोणासही धक्का लागला नाही. गुडघा खरचटला, हँडल वाकले. साध्वीजी थांबल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "तुम्हाला लागले तर नाही ना?"

हे त्याने मला सांगितले नाही, आईला सांगितले. मला तिच्याकडून कळले. त्या रात्री प्रतिक्रमणात इरियावहियं सूत्र म्हणताना माझा आवाज अडखळला. येता-जाता आपल्याकडून दुखावलेल्या सूक्ष्म जीवांची आपण रोज क्षमा मागतो. दुकानात बसल्या जागेवरून मी पाच-सहा पूज्य जीव आणि स्वतःचा मुलगा संकटात घातला होता.

पुढे चौकशी केली तेव्हा कळले की हे केवळ माझ्या नशिबाचे नव्हते. वाहन चालविताना फोनवर बोलणाऱ्यास अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो आणि हात मोकळे ठेवून बोलल्याने तो विशेष घटत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. संवादात मन गुंतले की डोळ्यांसमोरची वस्तूही मनापर्यंत पोहोचत नाही. गाणे उत्तर मागत नाही. 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा' हा आवाजही उत्तर मागत नाही. वडिलांचा फोन मात्र उत्तर मागतो, आणि आपल्या घरांत वडिलांना उत्तर न देण्याची पद्धत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. भाव आठवून सांगायला दोन सेकंद लागले, तर तेवढ्यात ३३ मीटर रस्ता मागे पडतो.

धर्माचा दृष्टिकोन

त्या रस्त्यावर त्या पहाटे दोन प्रकारचे प्रवासी होते. साध्वीजी ईर्यासमिती पाळीत, पुढची साडेतीन-चार हात भूमी न्याहाळीत, मौनपूर्वक चालल्या होत्या. चालताना अन्य विषयात मन घालायचे नाही, स्वाध्यायसुद्धा नाही, अशी ही समिती आहे. आम्ही गृहस्थ तिचे संपूर्ण पालन करू शकत नाही. पण यतना, म्हणजे जपून करणे, ही श्रावकालाही सांगितलेली आहे. चालताना स्वाध्यायही थांबवावा असे जेथे सांगितले आहे, तेथे गाडीवर स्तवन लावले म्हणून दोष टळतो, असे समजणे हीदेखील स्वतःची फसवणूकच.

दुसरी गोष्ट दिग्व्रताची. दिशांची मर्यादा घालणाऱ्या या व्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने 'स्मृत्यंतराधान' सांगितले आहे. ठरविलेल्या मर्यादेचा विसर पडणे, म्हणजेच आपण कोठवर आलो याचे भान सुटणे. कानातील आवाज सांगेल तसे वळत जाणाऱ्या आणि वाटेतील एकाही गावाचे नाव न आठवणाऱ्या प्रवाशाचे याहून नेमके वर्णन कोणते असेल?

घरात ठरविलेले नियम

यंत्र आम्ही टाकून दिले नाही. त्याचे काम ठरवून दिले.

१. मार्ग निघण्यापूर्वी लावायचा आणि एकदा डोळ्यांखालून घालायचा. वाटेतील मुख्य गावे तोंडाने म्हणायची.

२. यंत्रातून केवळ दिशा ऐकायची. आवाज इतकाच की मागचा भोंगा त्यावरून ऐकू यावा. घाट, धुके, पाऊस आणि गावातील गर्दी येथे तोही बंद.

३. आलेला फोन आपोआप जोडण्याची सोय बंद करायची. वडगाव आणि देहूरोड येथे गाडी कडेला घेऊन मुलगा स्वतः फोन करतो. घरातून कोणीही करीत नाही.

४. कानात खुपसायचे इअरफोन हेल्मेटखाली वापरायचे नाहीत. बाहेरचे आवाज त्यांनी अडतात.

५. स्पीकर बसविण्यासाठी हेल्मेटमधील थर्मोकोलसारखा थर कापायचा नाही. डोके वाचते ते त्याच थरामुळे. हेल्मेट आयएसआय चिन्हाचेच घ्यायचे.

६. विहाराच्या दिवसांत, कार्तिक पौर्णिमेनंतर, पहाटे निघायचे तर गती कमी आणि कान पूर्ण मोकळे.

तिसरा नियम सर्वांत कठीण गेला, आणि तो मुलाला नव्हे, मला. भाव दोन तास उशिरा कळल्याने आजवर एकही सौदा हातचा गेलेला नाही.

मावळातच, पाले गावाजवळच्या डोंगरात, एक लहान लेणे आहे. तेथील ब्राह्मी शिलालेखाचा आरंभ नमस्कार मंत्राच्या पहिल्या पदाने होतो. डॉ. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी १९६९ साली तो प्रकाशात आणला. दोन हजार वर्षांपूर्वी इंद्ररक्षित नावाच्या भदंतांनी ते लेणे आणि पाण्याचे टाके करविले, असे त्यात म्हटले आहे. ते पद दगडावर येण्याआधी आणि आल्यानंतरही एका कानातून दुसऱ्या कानात जपले गेले, म्हणून आपल्यापर्यंत पोहोचले. त्याच मावळातून आजही साधु-साध्वी अनवाणी चालत जातात आणि त्यांच्या मागून चालणारा सेवक येणाऱ्या गाड्यांना हाक देतो. ती हाक आपल्या मुलांना ऐकू यावी, एवढी जागा त्यांच्या कानांत आपण वडीलधाऱ्यांनी मोकळी ठेवावी.