बोलक्या यंत्रमानवाची अंतर्गत वीजव्यवस्था

पवईच्या आय.आय.टी.च्या परिसरातील केंद्रीय विद्यालयात संगणकशास्त्र शिकविणारे शिक्षक दिनेश पटेल यांनी 'शालू' नावाचा यंत्रमानव घरीच तयार केला; २०२१ साली त्याची वार्ता देशभर प्रसिद्ध झाली. प्लास्टिक, पुठ्ठा, लाकूड व अॅल्युमिनिअम अशा टाकाऊ साहित्यातून, सुमारे पन्नास हजार रुपये खर्चून आणि तीन वर्षे खपून त्यांनी ही रचना सिद्ध केली. शालू नऊ भारतीय आणि अडतीस परदेशी भाषा बोलते असे सांगितले गेले व त्या नऊ भाषांत मराठीचाही अंतर्भाव होता. भाषाभ्यासकाचे लक्ष अशा वेळी साहजिकच उच्चार, शब्दसंग्रह आणि वाक्यरचना यांकडे जाते. परंतु बोलणाऱ्या यंत्राचे वाक्य मध्येच तुटले, तर तो दोष भाषाप्रणालीचा की विजेचा, हा प्रश्न त्याआधी निकालात काढावा लागतो. म्हणून घरगुती यंत्रमानवातील संगणकांना वीज कशी पुरवितात व ते परस्परांस कसे जोडतात, याचे विवेचन येथे केले आहे.

अशा यंत्रात सामान्यतः दोन प्रकारचे संगणक असतात. वाणी ओळखणे व उत्तर रचणे ही कामे रास्पबेरी पायसारख्या लहान पण पूर्ण संगणकाकडे असतात. हात, मान व ओठ हलविणाऱ्या मोटारींचे क्षणोक्षणीचे नियंत्रण आर्डुइनोसारखा सूक्ष्मनियंत्रक करतो. ही श्रमविभागणी नवी नव्हे. आय.आय.टी. मुंबईच्या ई-यंत्र प्रकल्पामुळे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना परिचित झालेल्या 'फायरबर्ड ५' या यंत्रातही एक प्रमुख व एक दुय्यम असे दोन सूक्ष्मनियंत्रक असून, १.२ व्होल्टच्या आठ निकेल-मेटल-हायड्राइड घटांची ९.६ व्होल्टची मालिका त्या यंत्राला वीज पुरविते.

खरी अडचण अशी की, संगणकाला अल्प परंतु स्थिर वीज हवी असते, तर मोटारीची मागणी एकाएकी वाढते. रास्पबेरी पाय ४ या संगणकासाठी ५.१ व्होल्ट व ३ अँपियर क्षमतेचा पुरवठा विहित आहे. दाब सुमारे ४.६३ व्होल्टखाली गेल्यास तो अपुऱ्या दाबाचा इशारा देतो आणि दाब आणखी उतरल्यास बंद पडून पुन्हा सुरू होतो. समजा, ५ व्होल्टच्या पुरवठ्यापासून जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या बारीक तारांचा मिळून रोध ०.१ ओहम आहे. संगणक एकटाच १ अँपियर घेत असेल, तर दाब केवळ ०.१ व्होल्टने घटतो. परंतु त्याच तारांवरून मोटारींनी आणखी ४ अँपियर ओढले, तर घट ०.५ व्होल्ट होते व संगणकाला ४.५ व्होल्टच मिळतात. हात उंचावून 'नमस्कार' म्हणताना यंत्र अचानक मूक होते, त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते. असा आकस्मिक खंड पडल्याने स्मृतिकार्डावरील नोंदी बिघडण्याचाही संभव असतो.

उपाय सोपा आहे. घटमालेपासूनच दोन स्वतंत्र शाखा काढाव्यात. एक संगणकासाठी, दुसरी मोटारींसाठी. आणि प्रत्येक शाखेवर दाब उतरविणारा वेगळा परिवर्तक बसवावा. हा परिवर्तक बक जातीचा असणे इष्ट. ११.१ व्होल्टवरून ५ व्होल्टवर येताना जुन्या पद्धतीचा रेषीय नियामक दर अँपियरमागे ६.१ वॉट नुसत्या उष्णतेत घालवितो.

शाखा वेगळ्या असल्या तरी सर्वांची ऋण तार, म्हणजे 'ग्राउंड', एकच असली पाहिजे. याचे कारण भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज पटेल. 'इथे' आणि 'तिथे' या शब्दांना वक्त्याचे स्थान कळल्यावाचून अर्थ नाही. त्याचप्रमाणे '५ व्होल्ट' या संज्ञेलाही शून्यबिंदू ठरल्यावाचून अर्थ नाही. दोन संगणकांचा शून्यबिंदू निराळा राहिला, तर एकाचा संकेत दुसऱ्याला निरर्थक ठरतो.

शून्यबिंदू एक झाला तरी संकेतांची पातळी भिन्न असू शकते. आर्डुइनो उनोचा 'होय' हा ५ व्होल्टचा, तर रास्पबेरी पायचा ३.३ व्होल्टचा. पायकडून येणारे ३.३ व्होल्ट उनोला 'होय' म्हणून कळतात. उलट दिशेने येणारे ५ व्होल्ट मात्र पायच्या टोकाला अपाय करतात. म्हणून त्या वाटेवर १ व २ किलोओहमचे दोन रोधक विभाजक म्हणून योजतात व पायकडे सुमारे ३.३ व्होल्टच पोहोचतात. यूएसबी केबलने जोडणी केल्यास हा खटाटोप करावा लागत नाही.

ऊर्जेचा हिशेबही आधीच मांडावा. ३.७ व्होल्टचे, २.५ अँपियर-तास क्षमतेचे तीन लिथियम घट मालेत जोडल्यास सुमारे २८ वॉट-तास ऊर्जा मिळते. परिवर्तकातील घट वजा जाता २३ ते २४ वॉट-तास उरते. सरासरी १५ वॉट खर्च धरल्यास यंत्र सुमारे दीड तास चालते, म्हणजे पाऊण तासाच्या दोन तासिका. प्रत्येक घटाचा दाब ४.२ व्होल्टच्या वर जाऊ नये व ३ व्होल्टच्या फार खाली उतरू नये यासाठी संरक्षक मंडल अनिवार्य आहे. लॅमिंग्टन रोडवरील दुकानांतून घट घेतानाच ते घ्यावे.

या साऱ्याचा संशोधनपद्धतीशी निकटचा संबंध आहे. मोटारींतील ठिणग्यांमुळे उठणारा विद्युत्कोलाहल ध्वनिग्राहकात शिरला, तर 'च' आणि 'स' यांसारख्या घर्षणयुक्त ध्वनींची ओळख बिघडू शकते, आणि परीक्षक मात्र ती मराठीच्या ध्वनिव्यवस्थेची अडचण समजून बसतो. मोटारीच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र जोडल्याने हा कोलाहल बराच शमतो. तथापि निर्णायक कसोटी निराळी आहे: तेच वाक्यसंच एकदा मोटारी बंद ठेवून व एकदा चालू ठेवून तपासावेत आणि दाबाची नोंद दोन्ही वेळा ठेवावी. दोन्ही निकालांत जो दोष समान आढळेल, त्याचाच शोध भाषाप्रणालीत घ्यावा. जो केवळ मोटारी चालताना आढळेल, त्याचा शोध प्रथम तारांत घेणे योग्य होय.