चित्रांत दडविलेला मजकूर

बेडन-पॉवेल हें नांव बालवीर चळवळीमुळें सर्वपरिचित आहे. ह्याच गृहस्थांनीं तरुणपणीं हेरगिरीचें कामहि केलें होतें, आणि त्याच्या आठवणी त्यांनीं १९१५ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केल्या. फुलपांखरें धरण्याची जाळी आणि रंगांची पेटी घेऊन ते डाल्मेशियाच्या डोंगरांत हिंडत. वाटेंत कोणी भेटला, तर चित्रांची वही पुढें करून 'अशा जातीचें फुलपांखरूं इकडे दिसलें काय,' असें साळसूदपणें विचारीत. पाहणारास दिसे तें फुलपांखरूं. परंतु त्याच्या पंखांवरील रेषा हा किल्ल्याचा आराखडा असे. रेषांवरचे ठिपके म्हणजे तोफा. रेषांच्या मधले ठिपके निव्वळ शोभेचे!

सांकेतिक लिपींतील पत्र परक्यास वाचतां येत नाहीं, पण त्यांत कांहीं गुपित आहे हें तो पाहतांच ओळखतो. येथें पत्र आहे हेंच कळत नाहीं.

संगणकानें हें काम फार सोपें केलें आहे. संगणकांतील चित्र म्हणजे पिक्सेल नांवाच्या बारीक चौकटींची रांगोळीच. प्रत्येक चौकटीस तांबडा, हिरवा व निळा ह्या रंगांचे तीन आंकडे असतात. प्रत्येक आंकडा ० ते २५५ मधला. २०० च्या जागीं २०१ घातले तर डोळ्यास फरक जाणवत नाहीं. आतां सम आंकडा म्हणजे शून्य आणि विषम म्हणजे एक, असें दोघांनीं ठरविलें, कीं एका चौकटींत अशा तीन खुणा बसल्या. देवनागरीच्या एका चिन्हास प्रचलित पद्धतीनें २४ खुणा, म्हणजे आठ चौकटी, लागतात. हजार रुंद व हजार उंच अशा चित्रांत सव्वा लाख चिन्हें मावतात. एक लहानसें पुस्तकच झालें तें!

मात्र हें चित्र जसेंच्या तसें पोंचलें पाहिजे. जागा वांचविण्यासाठीं जेपेग पद्धतीनें तें आवळलें, कीं हे सूक्ष्म फरक पुसले जातात आणि मजकूर नाहींसा होतो.

मग कचेरीच्या कामांत ह्याचा उपयोग किती? पत्रव्यवहारापुरता फारच थोडा. प्रामाणिक गुप्ततेस कुलूप आणि सांकेतिक लिपी पुरते. दडवादडवी करणाराचा हेतूच संशयास्पद ठरतो. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या एका अभियंत्यानें २०१८ सालीं टर्बाइनविषयींच्या फायली सूर्यास्ताच्या एका चित्रांत दडवून तें स्वतःच्या ई-मेलवर पाठविलें, असें सरकार पक्षाचें म्हणणें होतें. चित्र निरागस होतें, पण त्याच्या संगणकावर देखरेख होती. २०२२ सालीं आर्थिक हेरगिरीच्या कटाबद्दल तो दोषी ठरला, आणि २०२३ च्या जानेवारींत त्यास २४ महिन्यांची कैद झाली.

खरा उपयोग आहे तो मालकीची खूण ठेवण्याचा. छायाचित्रकार आपल्या चित्रांत अदृश्य खूण घालून ठेवतो; पुढें वाद पडला तर ती पुराव्यास येते. भारतीय नोटेंतहि तिरकें धरल्यावर दिसणारा आंकडा आणि भिंगावांचून न वाचतां येणारीं अक्षरें चित्रांतच गुंफलेलीं असतात.

कांहीं रंगीत लेसर प्रिंटर तर न विचारतांच प्रत्येक कागदावर फिकट पिवळ्या ठिपक्यांची जाळी छापतात. २००५ सालीं एका अमेरिकन संस्थेनें झेरॉक्स कंपनीच्या एका प्रिंटरचे ठिपके उलगडले, तेव्हां त्यांत यंत्राचा क्रमांक, तारीख आणि वेळ निघाली. ह्या खुणा खोट्या नोटा छापणारास पकडण्यासाठीं म्हणून असल्या, तरी वरिष्ठांच्या अन्यायाविरुद्ध निनावी अर्ज करणारा कारकूनहि त्यांतून सुटत नाहीं. पांढऱ्या कागदावर ते ठिपके दिसत नाहींत. निळा प्रकाश पाडून भिंग धरलें, कीं ते काळे उमटतात.