जुना लॅपटॉप, लिनक्स आणि प्रोसेसरमधला दोष

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट थांबले. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा त्याहून जुना असला, म्हणून धडधाकट लॅपटॉप भंगारात घालू नका, त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाका. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा: वायफाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशिन जागं होतं का. वायफायची चिप ब्रॉडकॉमची असेल तर बऱ्याचदा ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो. तोवर मोबाइलचं नेट यूएसबी वायरने जोडा.

आता खरा मुद्दा. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष जाहीर झाले. वेगासाठी प्रोसेसर पुढच्या सूचना अंदाजाने आधीच चालवतो. अंदाज चुकला की निकाल टाकून देतो, पण कॅशमध्ये (प्रोसेसरच्या जलद मेमरीत) खूण उरते आणि तिच्यावरून गुपित माहिती, अगदी पासवर्डसुद्धा, काढता येते. विकलेली चिप दुरुस्त होत नाही! म्हणून मेल्टडाउनसाठी लिनक्सने कर्नलची (सिस्टीमच्या गाभ्याची) मेमरी चालू प्रोग्रॅमच्या नजरेआड केली. जुन्या प्रोसेसरचा थोडा वेग त्यात जातो, पण तो जाऊ द्यावा.

टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ (इंग्रजी लहान अक्षरांत) लिहा. शेवटी एकेक दोष आणि त्यावरचा उपाय दिसतो. ‘व्हल्नरेबल’ दिसलं तर कर्नल आणि मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्रॅम) अपडेट करा. ज्या मशिनवर बँकेचे व्यवहार होतात, तिथे वेगासाठी हे उपाय कधीच बंद करू नका.