इवल्या प्रतिकृतींसाठी कुंचला आणि रंग
सुमारे २८ मिलिमीटर उंचीची सैनिक-प्रतिकृती रंगवण्यासाठी सर्वांत बारीक कुंचलाच हवा, असा नवशिक्यांचा समज असतो. परंतु अशा कुंचल्यात रंग थोडाच मावत असल्याने तो डोळा रेखाटण्याआधीच टोकावर सुकतो. म्हणून भरदार पोटाचा, पण ओला केल्यावर अणकुचीदार टोक धरणारा १ क्रमांकाचा कोलिन्स्की कुंचला, म्हणजे सायबेरियन वीझलच्या शेपटीच्या केसांचा, अधिक उपयोगी ठरतो. ॲक्रिलिक रंग पाण्याने पातळ करता येतात, मात्र वाळल्यावर त्यात विरघळत नाहीत. त्यामुळे ते दोन-तीन पातळ थरांत दिल्यास कोरीव तपशील बुजत नाहीत. केस धरून ठेवणाऱ्या धातूच्या नळीत रंग शिरून वाळला, तर टोक फाकते. म्हणूनच कोरड्या कुंचल्याने उंचवटे घासण्यासारख्या राकट कामाला स्वस्त कृत्रिम केसांचा कुंचला वापरावा.