गाळेवाल्याला भाकीत कशाला?

भाईंदर पूर्वेला, नवघर रस्त्याच्या परिसरात स्टीलची भांडी बनवणारे छोटे गाळे आहेत. समजा, तिथल्या एका मालकाने वाचलं, ‘उद्याचा स्वयंपाक विजेवर होणार.’ खरंही असेल, पण एवढ्यावर तो करणार काय?

भाकीत पत्र्यापर्यंत उतरलं की कामाचं होतं. इंडक्शन शेगडीला चुंबक धरणारा तळ लागतो. 304 प्रतीचं स्टील चुंबकाला फारशी दाद देत नाही, 430 देतं. म्हणजे खरा प्रश्न असा, की 430चा तळ बसवणारा प्रेस यंदाच घ्यायचा, की वर्षभर ते काम बाहेरून करून घ्यायचं? अंदाज चुकला तर भांडवल किती अडकेल? आणि कोणती खूण दिसली की बेत बदलायचा? दुकानदारांच्या ऑर्डरमधला इंडक्शन तळाचा वाटा महिन्याच्या महिन्याला वहीत टिपला, तरी ती खूण हाती लागते. त्याला सल्लागार लागत नाही.

देशपातळीवर तंत्रज्ञानाच्या भाकिताचं काम 1988 साली स्थापन झालेली ‘टायफॅक’ ही संस्था करते. अब्दुल कलाम अध्यक्ष असताना तिने 2020 सालच्या भारताचं तंत्रज्ञान-चित्र मांडलं. दिशा कळायला असे अहवाल उत्तम. प्रेस कधी घ्यायचा, हे मात्र त्यात सापडत नाही.

आणि नुसतं कळून भागत नाही. फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीकडेही माहितीची वाण नव्हती. डिजिटल कॅमेरा 1975 साली तिच्याच अभियंत्याने, स्टीव्हन सॅसनने बनवला होता. तरी धंद्याची भिस्त फिल्मवरच राहिली, आणि 2012 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.