परसातल्या तळ्यात मुलांना उतरवण्यापूर्वी

परसातल्या किंवा फार्महाऊसवरच्या शोभेच्या तळ्यातले मासे आणि कमळे काढून तिथे मुलांसाठी पोहण्याचा तलाव करावा, असे उन्हाळ्याच्या सुट्टीत अनेकांना वाटते. खड्डा तयार असतो, पाणीही नितळ दिसते. पण नितळ पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे.

माशांची विष्ठा, कुजलेली पाने आणि गाळ यांत जिवाणू वाढतात. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात उतरतात. कोमट गोड्या पाण्यातला नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. हा आजार दुर्मीळ, पण बहुतेक वेळा प्राणघातक. २०२४ मध्ये केरळात त्याने मुलांचे बळी घेतले.

नुसते क्लोरीन टाकून भागत नाही, कारण गाळ आणि शेवाळातच ते खर्ची पडते. म्हणून तळे पूर्ण उपसावे, गाळ खरवडून काढावा, तळाला व भिंतींना टाइल्स लावाव्यात आणि पाणी फिरते ठेवणारा फिल्टर बसवावा. मुक्त क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा, चाचणीपट्टीने तो रोज तपासावा.

जंतूंपेक्षाही मोठा धोका बुडण्याचा. बुडणारे मूल सहसा ओरडत नाही. काही मिनिटांत सारे संपते. चारही बाजूंनी किमान चार फूट उंच कुंपण, आपोआप बंद होणारे फाटक आणि मोबाइल बाजूला ठेवून मुलांपासून हातभर अंतरावर थांबणारे मोठे माणूस हवेच. एवढे जमणार नसेल, तर तळ्यात मासेच राहू द्यावेत.